कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत ऑक्सिजन कमी पडला, याला जबाबदार कोण? केंद्र की राज्य?

दोघंही, पण सारखे नाहीत.

'आरोग्य हा राज्याचा विषय' हे खरंच आहे. पण २०२० पासून आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली देशभर आदेश केंद्रच काढत होतं, आणि एप्रिल २०२१ मध्ये कुठल्या राज्याला किती ऑक्सिजन हेही दिल्लीतच ठरत होतं. अधिकार ज्याच्या हातात, जबाबदारी आधी त्याची. ऑक्टोबर २०२० मध्ये केंद्राने १५० ऑक्सिजन प्रकल्पांची निविदा काढली, पुढे ते १६२ झाले. एप्रिलच्या मध्यापर्यंत उभे राहिले ३३. मधले सहा महिने गेले कुठे, हा प्रश्न मला आजही सोडत नाही.

राज्यंही सुटत नाहीत. आपल्याच नंदुरबारमध्ये जिल्हाधिकारी राजेंद्र भारूड यांनी पहिली लाट ओसरत असतानाच प्रकल्प उभारायला घेतले. आदिवासी जिल्ह्याला जमलं ते मोठ्या शहरांना का नाही?

त्या एप्रिलमध्ये मामांचं ऑक्सिमीटर ८२ दाखवत होतं आणि मी रात्री दोन वाजता रिकामा सिलिंडर घेऊन रांगेत उभा होतो. माझ्यापुढे निदान चाळीस जण असतील.

म्हणून जुलैमध्ये केंद्राने राज्यसभेत सांगितलं की ऑक्सिजनअभावी मृत्यू झाल्याची वेगळी नोंद राज्यांनी कळवलेलीच नाही, तेव्हा फार लागलं. राज्यांनी कळवलं नाही, केंद्राने खोदून विचारलं नाही. मृत्यूच्या दाखल्यावर 'ऑक्सिजन संपला' असं कोण लिहिणार होतं?