नवी वेबसाइट करण्याआधी जुनीची मोजदाद कर

सप्रेम नमस्कार,

जुन्या फाँटमधला मराठी मजकूर युनिकोड या सार्वत्रिक अक्षरसंकेतात आणणाऱ्या तुमच्या प्रकल्पाच्या वेबसाइटचं काम तुझ्याकडे आलं आणि तू होमपेजची तीन डिझाइनं पाठवलीस. तिन्ही चांगली आहेत, दुसरं तर फारच. तरी ती सध्या बाजूला ठेव. तुमच्या साइटचा मोठा भाग तुमच्या हातात नाहीच. तो लोकांच्या बुकमार्कमध्ये आहे, व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या लिंकमध्ये आहे, एखाद्या डीटीपीच्या दुकानात मॉनिटरला चिकटवलेल्या कागदावर आहे आणि तुमच्याच सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये आहे. रंग आवडला नाही तर पुढच्या महिन्यात बदलता येतो. बाहेर गेलेला पत्ता मात्र परत बोलावता येत नाही. म्हणून आधी मोजदाद, मग डिझाइन.

एक स्प्रेडशीट उघड आणि पहिल्या रकान्यात साइटवरचा प्रत्येक पत्ता लिही. हे पत्ते साइटमॅप (साइटने स्वतः दिलेली पानांची यादी), सर्व्हरचा ॲक्सेस लॉग (कुठला पत्ता कधी मागितला गेला याची नोंद) आणि गूगल सर्च कन्सोल (शोधातून लोक कुठल्या पानावर येतात ते दाखवणारं साधन) या तिन्हींतून गोळा करायचे. एकट्या साइटमॅपवर भागत नाही. जुन्या पीडीएफ, डाउनलोडच्या फायली, मेनूतून कधीच काढून टाकलेली पानं त्यात नसतात, पण लोक तिथे येतच राहतात. सर्च कन्सोल फक्त मागच्या १६ महिन्यांचे आकडे दाखवतं, म्हणून ते आजच उतरवून घे. साइट गिटहब पेजेसवर (गिटहबच्या साइट ठेवायच्या सेवेवर) असेल तर ॲक्सेस लॉग मिळत नाही आणि रिपॉझिटरीच्या (कोडच्या साठ्याच्या) ट्रॅफिकमध्ये शेवटचे १४ दिवसच दिसतात. ते आकडेही दर पंधरवड्याच्या आत उतरवायला लाग. पुढच्या रकान्यांत भेटी किती, बाहेरून कोण लिंक करतं, पान ठेवायचं, दुसऱ्यात मिसळायचं की काढायचं, आणि नवा पत्ता कोणता हे भर. शेवटचे दोन रकाने एका जरी ओळीत रिकामे असले तरी नवी साइट चढवायची नाही, एवढं आताच ठरवून टाक.

या यादीतले काही पत्ते माणसं उघडतच नाहीत. सॉफ्टवेअर सुरू झालं की नवी आवृत्ती आली का हे बघायला ते तुमच्या साइटवरची एक छोटी फाइल मागवतं. ती फाइल हलवली आणि तिच्या जागी छानसं ‘पान सापडलं नाही’ दिसायला लागलं, तर जुन्या आवृत्त्यांना आवृत्तीच्या आकड्याऐवजी एचटीएमएल, म्हणजे वेबपानाचा मजकूर, मिळेल आणि त्या गप्प बसतील किंवा बंद पडतील. लिनक्सच्या वेगवेगळ्या वितरणांसाठी पॅकेज बांधणाऱ्यांच्या स्क्रिप्टही तुमच्या ठरलेल्या पत्त्यावरून सोर्स उतरवतात. तिथे रीडायरेक्ट केलं, म्हणजे जुन्या पत्त्यावरून आपोआप नव्याकडे वळवलं, तर चालेल असं गृहीत धरू नकोस. फायली उतरवणाऱ्या कर्ल या साधनाला वेगळं सांगितल्याशिवाय ते रीडायरेक्टच्या मागे जातच नाही. असे पत्ते जागचे हलवायचे नाहीत, नव्या साइटनेच ते जसेच्या तसे चालवायचे. नव्या मजकुराची खबर देणाऱ्या आरएसएस फीडचंही तेच. कोडमध्ये डोमेनचं नाव शोध, म्हणजे सॉफ्टवेअर स्वतः कुठे कुठे डोकावतं ते कळेल.

माणसांसाठीच्या पानांना ३०१, म्हणजे कायमचा रीडायरेक्ट दे. गिटहब पेजेस खरा ३०१ देत नाही, तिथे फक्त पानातल्या मेटा टॅगने पुढे ढकलता येतं. नेटलिफाय किंवा क्लाउडफ्लेअर पेजेस या तशाच सेवांवर रीडायरेक्टची साधी मजकूर फाइल चालते, आणि स्वतःचा एनजिनएक्स सर्व्हर असेल तर प्रश्नच नाही. एक खबरदारी घे. ३०१ ब्राउझर बराच काळ लक्षात ठेवतात, त्यामुळे चुकीचा दिलास तर सर्व्हरवर सुधारूनही काही जणांना जुनीच दिशा मिळत राहते. पहिले काही दिवस ३०२ (तात्पुरता) ठेव, सगळे पत्ते तपासून झाले की ३०१ कर. आणि सगळी जुनी पानं सरसकट होमपेजकडे वळवण्याचा मोह टाळ. ‘शिवाजी फाँटमधली फाइल कशी बदलायची’ हे शोधत आलेल्याला होमपेज दिसलं तर तो परत जातो, आणि गूगलही अशा रीडायरेक्टला हरवलेलं पानच समजतं. ज्याला खरोखरच पर्याय नाही त्याला ४१०, म्हणजे ‘पान कायमचं काढलं’ हा संकेत दे.

इथपर्यंत बहुतेक जण येतात. पुढची गोष्ट मात्र हमखास निसटते. पत्त्यात हॅश चिन्हाच्या पुढचा भाग सर्व्हरपर्यंत पोचतच नाही, तो ब्राउझरपाशीच राहतो. म्हणजे पानातल्या एखाद्या मथळ्यावर थेट नेणारी लिंक रीडायरेक्टने सांभाळता येत नाही. मथळ्याची ओळख (आयडी) नव्या पानात तीच असली तरच ती लिंक चालते. ही ओळख साइट बांधणारं प्रत्येक साधन आपापल्या पद्धतीने बनवतं, आणि देवनागरी मथळ्यांच्या बाबतीत तर विचारूच नकोस. स्फिंक्स देवनागरी अक्षरं गाळून टाकतं आणि मथळ्यांना आयडी१, आयडी२ अशी नावं देतं. एमकेडॉक्समध्ये मूळ सेटिंग तशीच ठेवली तर अंडरस्कोर आणि क्रमांक येतो. आज ‘फाँट निवडणे’ हा तिसरा मथळा असेल आणि उद्या कुणी वर एक नवा मथळा घातला, तर कालची लिंक भलत्याच परिच्छेदावर जाते, आणि ते कुणाला कळतही नाही कारण पान तर उघडतं. उपाय सोपा आहे, फक्त कंटाळवाणा आहे. मराठी पानांतल्या प्रत्येक मथळ्याला हाताने, साध्या रोमन अक्षरांत, कायमची ओळख दे आणि नव्या पुल रिक्वेस्टमध्ये (बदलाच्या प्रस्तावात) ती नसेल तर बिल्ड (साइटची बांधणी) अडव. जुनी साइट इंग्रजी मथळ्यांना जी ओळख देत होती तीही जशीच्या तशी उतरव.

मोजदाद झाली की माणसांकडे वळ. तुमच्या सॉफ्टवेअरचं काम जुन्या फाँटमधला मराठी मजकूर युनिकोडमध्ये आणणं. ते वापरणारे लोक तुझ्यापासून दोन-चार स्टेशनांवर आहेत. दादर, गिरगावात डीटीपी करणारे आहेत, दिवाळी अंकांची जुनी पानं सांभाळणारे आहेत. त्यांच्यातल्या चार-पाच जणांकडे जा, त्यांच्याच कॉम्प्युटरवर जुनी साइट उघडून दे, त्यांना म्हण, ‘हे उतरवून एक फाइल बदलून दाखवा’, आणि गप्प बस. मदत करू नकोस, माउस हातात घेऊ नकोस. कुठे थांबतात, काय मोठ्याने वाचतात, कुठून मागे फिरतात तेवढं टिपून घे. बहुतेक वेळा गाडी अडते ती डाउनलोडच्या पानावर. सहा फायली दिसतात आणि आपली कुठली ते कळत नाही. त्यातून कशीबशी एक उतरवली, तर ती डिजिटल सही नसलेली फाइल चालवताना विंडोज निळी खिडकी उघडून इशारा देतं, आणि माणूस घाबरून बंद करतो. नव्या साइटने विंडोजसाठीची एकच फाइल वर मोठी दाखवावी, बाकीच्या खाली. बटणाशेजारी आवृत्ती, तारीख आणि फाइलचा आकार असावा. त्या निळ्या खिडकीचं चित्र, ती का येते हे दोन ओळींत, आणि पुढे जाण्याआधी एसएचए-२५६ची बेरीज (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा आकडा) कशी पडताळायची हेही तिथेच हवं. ज्याने सर्व्हरवरची फाइल बदलली तो त्याच पानावरची बेरीजही बदलू शकतो, म्हणून सोबत जीपीजी सहीची, म्हणजे फाइल तुमचीच आहे हे पटवणाऱ्या डिजिटल सहीची, फाइल ठेव.

होमपेजवर फार काही नको. एका वाक्यात काम काय करतं ते, आणि त्याखाली बदलाआधीची व नंतरची तीच ओळ शेजारीशेजारी. जुन्या फाँटची ओळ फाँट नसताना कशी रोमन अक्षरांच्या गचपणासारखी दिसते हे त्या लोकांना पाठ आहे, ते बघताक्षणी त्यांना कळेल की आपण बरोबर जागी आलो. सरकती चित्रं काढून टाक. वापराचे टप्पे लिहिताना पवईच्या आयआयटीतल्या स्पोकन ट्युटोरियलचे मराठी धडे नजरेखालून घाल. एका वेळी एकच कृती सांगायची शिस्त तिथे शिकण्यासारखी आहे.

आता देवनागरी, कारण तुझ्या दुसऱ्या डिझाइनमध्ये मला तिथेच काळजी वाटली. मथळ्यांना तू अक्षरांमधलं अंतर वाढवलं आहेस. रोमनला ते शोभतं, आपल्याकडे शिरोरेखा तुटते. ते शून्यावर आण. ओळींची उंची १.२ ठेवलीस तर वरची वेलांटी-रफार आणि खालचा उकार एकमेकांना भिडतात किंवा कापले जातात, मजकुराला १.६ ते १.७, मथळ्यांना किमान १.४ दे. पानाच्या एचटीएमएलमध्ये भाषेचा कोड मराठीचा, म्हणजे एमआर, लिही. तो हिंदीचा राहिला किंवा गाळला तर ज्या फाँटमध्ये दोन्ही वळणांची सोय आहे तोही ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे दाखवतो, आणि मुद्रणातल्या माणसाच्या नजरेला ते लगेच खटकतं. फाँट मुंबईच्याच ‘एक टाइप’चा मुक्ता घेतलास तर परवाना खुला आहे आणि वजनंही भरपूर मिळतात. दोनच वजनं घे. फाइल लहान करण्यासाठी फाँटमधली नको असलेली अक्षरं छाटताना जोडाक्षरांचे नियम आणि झीरो विड्थ जॉइनर, नॉन-जॉइनर ही अक्षरं जोडणारी किंवा सुटी ठेवणारी अदृश्य चिन्हं छाटली जाणार नाहीत हे बघ. तपासायला एक ओळ कायम जवळ ठेव: ‘कऱ्हाडच्या दऱ्या, वाङ्मय, ज्ञानेश्वर, ॲप, ऑफिस, षट्कोन’. यातला ‘ॲ’ युनिकोडमध्ये २००८ साली स्वतंत्र अक्षर म्हणून आला, त्यामुळे जुन्या फाँटमध्ये तिथे रिकामी चौकट दिसते. युनिकोडचं काम करणाऱ्या प्रकल्पाच्या स्वतःच्या साइटवर अशी चौकट दिसणं फार वाईट.

राखाडी मजकूरही गडद कर. तू वापरलेला सहा नवांचा राखाडी, #९९९९९९, पांढऱ्यावर २.८५ : १ एवढाच फरक देतो. साध्या मजकुराला किमान ४.५ : १ लागतो, #७६७६७६ तिथे जेमतेम बसतो, म्हणून त्याहूनही गडद घे. देवनागरीच्या बारीक रेघांना ते लागतंच.

हे सगळं नव्या लॅपटॉपवर, घरच्या वायफायवर बघू नकोस. दोन-तीन वर्षं जुना स्वस्त अँड्रॉइड फोन घे आणि संध्याकाळच्या गर्दीच्या लोकलमध्ये दादर ते ठाणे साइट उघडत जा. मुख्य मजकूर अडीच सेकंदांच्या आत दिसायला हवा, आणि फाँट उशिरा आल्यावर पान खाली-वर उडी मारायला नको. उडी मारत असेल तर तोवर दिसणाऱ्या बदली फाँटचा आकार मुख्य फाँटशी जुळवून घे.

साधन कुठलं, यावर जास्त वेळ घालवू नकोस. ह्यूगो एकच फाइल उतरवून चालतं, जेकिलला रुबी लागतं, डॉक्युसॉरसला नोड आणि रिॲक्ट. तुमच्यातले चार जण पायथॉनवाले आहेत, त्यामुळे एमकेडॉक्स किंवा स्फिंक्सच बरं. तू परीक्षेत अडकलीस तरी दुसऱ्या कुणाला साइट बांधता आली पाहिजे. साधनाची आवृत्ती मात्र फाइलमध्ये पक्की लिहून ठेव, नाहीतर सहा महिन्यांनी बांधलेली साइट वेगळीच दिसेल.

प्रकल्पातल्या लोकांचं काय, असं तू विचारलंस. आधी एक इश्यू (चर्चेचा धागा) उघड. काय बदलणार, काय बदलणार नाही, अंतिम निर्णय कुणाचा, हरकती कुठल्या तारखेपर्यंत, एवढं त्यात असू दे. दोन आठवडे पुरे. रंगावर सगळेच बोलतील, पत्त्यांच्या यादीवर फार कुणी बोलणार नाही. ज्यांनी जुनी पानं लिहिली त्यांना नाव घेऊन यादी वाचायला सांग. काम एका लांबलचक शाखेत (कोडच्या वेगळ्या प्रतीत) करू नकोस. तू तिकडे तीन महिने बांधत असताना इकडे लोक जुन्या पानांत दुरुस्त्या करत राहतात, आणि शेवटी त्या कुठे गेल्या ते कुणालाच सापडत नाही. आधी मजकूर जुन्याच रूपात नव्या साधनावर आण, ते चालवून दाखव, मग रूप बदल. प्रत्येक पुल रिक्वेस्टला पूर्वदृश्याची लिंक आपोआप येईल अशी सोय कर. कोड न वाचणारे अनुवादकही मग मत देऊ शकतात.

चढवण्याचा दिवस सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीच्या आठवड्यात नको, शुक्रवारी तर नकोच. दोन दिवस आधी डीएनएसचा (डोमेनचं नाव सर्व्हरशी जोडणाऱ्या नोंदीचा) टीटीएल, म्हणजे ती नोंद इतरांनी किती वेळ साठवून ठेवायची तो काळ, ३०० सेकंदांवर आण. चाचणीच्या साइटवर गूगलला बाहेर ठेवण्यासाठी घातलेला नोइंडेक्स मुख्य साइटवर तसाच राहिला तर काही आठवड्यांत तुमची पानं शोधातून नाहीशी होतील. हे वारंवार घडतं, म्हणून बिल्डमध्येच तपासणी घाल. गिटहब पेजेसवर शाखेतून साइट देत असाल तर प्रत्येक वेळी सीनेमची (स्वतःचं डोमेन लिहिलेली) फाइल सोबत जाते ना ते बघ. ती पुसली गेली की स्वतःचं डोमेन सुटतं. डोमेन कुणाच्या खात्यावर आहे आणि नूतनीकरण कधी, हेही याच वेळी विचार. ते कॉलेज सोडून गेलेल्या कुणाच्या तरी ईमेलवर असेल तर साइटच्या आधी ते काम कर. जुन्या साइटची स्थिर प्रत वेगळ्या उपडोमेनवर किमान वर्षभर राहू दे, आणि त्या प्रतीवर मात्र नोइंडेक्स हवाच.

चढवल्यावर पहिला आठवडा रोज सकाळी ४०४ची, म्हणजे न सापडलेल्या पत्त्यांची, यादी काढ आणि जास्त वेळा आलेल्या पत्त्यांपासून रीडायरेक्ट भरत खाली ये. वर्डप्रेसच्या लॉगिनचे पत्ते दिसले तर सोडून दे, ते बॉट असतात.

स्प्रेडशीटमधले पहिले तीस-चाळीस पत्ते भरून झाले की पाठव. त्यातले मिसळायचे कुठले आणि ठेवायचे कुठले ते बसून ठरवू, मग तुझ्या दुसऱ्या डिझाइनकडे येऊ.

तुझा,
काका