मशीनचं नंतर बघू, आधी ती पॉलिसी परत करा

कराडहून एका ताईंचं पत्र आहे. वडील 64 वर्षांचे. पाच महिन्यांपासून घरीच पोटाचं डायलिसिस चालू, दिवसाला पोटात सोडायच्या पाण्याच्या चार बॅगा, एक बॅग 300 रुपयांना. लघवी अजून लिटरभर होते. दुपारची बॅग बदलायला ताई ऑफिसातून धावत घरी येतात. निवृत्तीच्या 18 लाखांतले 3 लाख बँकेतल्या साहेबांच्या सांगण्यावरून वडिलांच्या नावे ‘गॅरंटीड उत्पन्ना’च्या पॉलिसीत गेले. सहा वर्षं हप्ते, आठव्या वर्षापासून उत्पन्न. कागद बारा दिवसांपूर्वी हातात आले. प्रश्न एवढाच: उरलेल्या 15 लाखांच्या एफडीतून रात्री झोपेत आपोआप पाणी बदलणारं साडेतीन लाखांचं मशीन घेऊ का?

ताई, अजून पाच हप्ते म्हणजे 15 लाख. तुमची अख्खी एफडी! वर बॅगांचे वर्षाला जवळपास 4.4 लाख. दोन वर्षांत खातं रिकामं होईल, हप्ता थांबेल आणि भरलेल्यातलंही बरंच बुडेल. डायलिसिसवरच्या माणसाला आठव्या वर्षाचं उत्पन्न विकणं मला संतापजनक वाटतं. शिवाय अशी पॉलिसी डायलिसिसवरच्यांना सहसा मिळत नाही, तेव्हा अर्जात आजाराच्या रकान्यात काय लिहिलंय ते आजच वाचा. तिथे ‘नाही’ असेल तर उद्या क्लेमही नाकारला जाऊ शकतो. कागद मिळाल्यापासून 30 दिवसांत पॉलिसी परत करता येते. किरकोळ कपात होऊन पैसे मिळतात. तुमच्याकडे 18 दिवस आहेत. लेखी अर्ज द्या, पोच घ्या, साहेबांच्या गोड बोलण्यावर थांबू नका.

आता बॅगा. ‘सगळ्यांना चारच असतात’ असं तुम्ही लिहिलंय, पण तसा नियम नाही. मूत्रपिंडं थोडी काम करत असतील तर काहींना तीन, क्वचित दोनही पुरतात. पेरिटोनियल, म्हणजे पोटाच्या, डायलिसिसच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या 2020च्या शिफारशींचा रोखही हाच आहे: वेळापत्रक त्या माणसाची तब्येत आणि त्याचं जगणं पाहून ठरवा. नेफ्रॉलॉजिस्टना, म्हणजे मूत्रपिंडाच्या डॉक्टरांना, स्पष्ट विचारा: चोवीस तासांची लघवी आणि बाहेर आलेलं पाणी तपासायचं का? पीईटी चाचणी, म्हणजे पोटाचा पडदा किती वेगाने काम करतो याची तपासणी, कधी करायची? पोटाचा पडदा झरझर काम करणारा निघाला तर पाणी थोडा वेळच ठेवायचं असतं, तिथे मशीन कामाचं. संथ असेल तर पाणी जास्त वेळ राहिलेलं बरं, मग मशीनवर साडेतीन लाख कशाला? त्याच्या नळ्यांच्या सेटचा खर्च रोजचा, आणि रात्री वीज गेली की खोळंबा.

डॉक्टरांनी तीन बॅगा ठरवल्या तर महिन्याला 9 हजार वाचतील, आणि कदाचित तुमची दुपारची धावपळही. पण स्वतःच्या मनाने एकही बॅग कमी करू नका. सूज, धाप, वाढलेलं पोटॅशियम, यात पैशापेक्षा मोठं काहीतरी जातं. लघवी पुढे घटते, तशा बॅगा पुन्हा वाढतात. म्हणून हिशोब चारचाच धरा: 18 लाख व्याजासकट साडेचार-पाच वर्षं. सहा महिन्यांचे सव्वादोन लाख बचत खात्यात, बाकीच्या लहान लहान एफडी, म्हणजे एक मोडली तरी सगळ्याचं व्याज जाणार नाही.

पीईटीचा रिपोर्ट आला की मशीनबद्दल पुन्हा लिहा.