सांधे शांत असताना फ्लूची लस घेऊन धोका ओढवून घ्यायचा का?

पावसाळ्यापूर्वीच्या तपासण्या सुरू झाल्या की ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसच्या, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटल्याने होणाऱ्या संधिवाताच्या, रुग्णांकडून फ्लूच्या लशीचा प्रश्न माझ्याकडे येऊ लागतो. डॉक्टरांनी औषधांच्या यादीखाली ‘फ्लूची लस घ्यावी’ एवढेच लिहिलेले असते. रुग्ण ती चिठ्ठी घेऊन घरी जातो, घरच्यांशी बोलतो, मोबाइलवर आलेले दोन-चार संदेश वाचतो आणि पुढच्या तपासणीला लस न घेताच येतो. संधिवाताच्या रुग्णांचे समुपदेशन करताना अशा अनेकांशी माझे बोलणे झाले आहे. त्यांपैकी एका बाईंची हकिकत येथे मांडते, कारण पुष्कळांच्या मनात धूसर असलेली शंका त्यांनी अगदी नेमकी विचारली होती. त्यांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

बाई पन्नाशी ओलांडलेल्या, पुणे जिल्ह्यातल्या एका शाळेत शिक्षिका. आजाराच्या सुरुवातीला सकाळी दोन-दोन तास त्यांची मूठ वळत नसे आणि फळ्यावर लिहिताना खडू हातातून निसटत असे. पुढे आठवड्यातून एकदा घ्यायची मेथोट्रेक्सेटची गोळी, तिच्या जोडीला फॉलिक अॅसिड आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विन सुरू झाले, आणि हळूहळू सूज उतरली. मला भेटल्या तेव्हा वर्षभर सांधे शांत होते. त्या म्हणाल्या, “मॅडम, माझी प्रतिकारशक्ती माझ्याच सांध्यांवर उलटली, म्हणून तिला दाबायला मी दर रविवारी गोळी घेते. लस घ्यायची म्हणजे तिलाच पुन्हा चेतवायचं. त्यात सांधे परत सुजले तर मी काय करू?”

ही शंका अडाणीपणाची मुळीच नाही. आजार आणि औषध या दोन्हींचे स्वरूप समजलेल्या माणसालाच ती पडू शकते. तरीही तोवर त्यांना सगळ्यांकडून ‘काही होत नाही हो, घेऊन टाका’ एवढेच उत्तर मिळाले होते. अशा उत्तराने भीती जात नाही. ती विचारायची सोय तेवढी जाते. म्हणून लशीकडे वळण्याआधी मी त्यांना विचारले, “ताई, सांधे शेवटचे कधी आणि कशाने बिघडले होते?” त्यांनी आठवून सांगितले की दोन वर्षांपूर्वी श्रावणात त्यांना जोराचा ताप आणि खोकला झाला, छातीत कफ भरला, डॉक्टरांनी संसर्ग उतरेपर्यंत मेथोट्रेक्सेट थांबवायला सांगितले आणि त्यानंतरचे दोन महिने दोन्ही मनगटे सुजलेली राहिली. तो ताप फ्लूचाच होता असे म्हणता येणार नाही, कारण तपासणी झालेली नव्हती. मात्र ज्या गोष्टीची त्यांना लशीकडून भीती वाटत होती, ती आजारपणाने आधीच करून दाखवली होती, हे सांगता सांगता त्यांच्याच ध्यानात आले.

मग त्यांच्या मूळ प्रश्नाकडे आलो. दंडात टोचली जाणारी फ्लूची लस निष्क्रिय विषाणूंच्या अंशांपासून बनवलेली असते. तिच्यात जिवंत विषाणू नसल्यामुळे तिच्यामुळे फ्लू होऊ शकत नाही. ती शरीराला विषाणूच्या पृष्ठभागावरील ठरावीक प्रथिने ओळखायला शिकवते, आणि हा प्रतिसाद त्या प्रथिनांपुरता असतो. ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसच्या रुग्णांवर झालेल्या अभ्यासांत, लस घेतलेल्यांचा आजार न घेतलेल्यांपेक्षा अधिक भडकतो असे आढळलेले नाही. लशीनंतर दंड दुखणे, बारीक ताप आणि अंग मोडून येणे हा त्रास मात्र एक-दोन दिवस होऊ शकतो, आणि सांधेदुखीचा अनुभव असलेले माणूस त्यालाच आजार उलटल्याची खूण समजून घाबरते. लशीची अंगदुखी सर्वांगाला असते आणि बहुधा दोन दिवसांत ओसरते. आजार उसळला तर नेहमीचेच सांधे सुजतात, सकाळचा ताठरपणा लांबत जातो आणि तो दिवसेंदिवस टिकतो. तसे झाले तर वाट न पाहता डॉक्टरांना कळवायचे, हे मी त्यांना त्यांच्या वहीत लिहून घ्यायला लावले.

लस न घेण्यातही जोखीम असते, आणि ती रुग्णासमोर तितक्याच स्पष्टपणे ठेवली पाहिजे असे मला वाटते. या आजारामुळे आणि त्याच्या औषधांमुळे फ्लूनंतर न्यूमोनियासारखी गुंतागुंत होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते. स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू ऑगस्ट २००९ मध्ये पुण्यातच झाला, तेव्हाचे मास्क आणि बंद शाळा बाईंना चांगल्या आठवत होत्या. तो विषाणू कुठे गेलेला नाही. तो आता दरवर्षीच्या हंगामी फ्लूचा भाग झाला आहे आणि त्याच्याविरुद्धचा घटक नेहमीच्या लशीत असतो.

त्यांनी पुढे विचारले, “पण लस घेतली की फ्लू होणारच नाही ना?” येथे खोटी खात्री देणे मला मान्य नाही. लस आणि त्या वर्षी पसरलेला विषाणू यांचा मेळ चांगला जमला, तरी सर्वसाधारण लोकांत आजारपणाचा धोका सुमारे ४० ते ६० टक्क्यांनी कमी होतो, आणि मेथोट्रेक्सेट घेणाऱ्यांत लशीचा प्रतिसाद थोडा फिका पडतो. मात्र फ्लू झालाच तर तो गंभीर होण्याची शक्यता कमी करणे हाही लशीचा मोठा उपयोग आहे.

मेथोट्रेक्सेटबद्दल मात्र अधिक सविस्तर बोलावे लागले, कारण पुष्कळ रुग्ण या बाबतीत अर्धवट ऐकून स्वतःच निर्णय घेतात. दक्षिण कोरियातील एका अभ्यासात, जो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला, लशीनंतर दोन आठवडे मेथोट्रेक्सेट थांबवलेल्या रुग्णांपैकी सुमारे ७५ टक्के जणांना लशीचा समाधानकारक प्रतिसाद मिळाला, तर गोळी चालू ठेवलेल्यांत हे प्रमाण सुमारे ५५ टक्के होते. अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजीच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनीही, आजाराची स्थिती परवानगी देत असेल तर, फ्लूच्या लशीनंतर दोन आठवडे मेथोट्रेक्सेट थांबवण्याचा सशर्त सल्ला दिला आहे. ‘परवानगी देत असेल तर’ या शर्तीचा निवाडा उपचार करणारे डॉक्टरच करू शकतात. ज्यांचे सांधे अजून तापलेले आहेत त्यांना गोळी चालू ठेवूनच लस दिली जाते, आणि तशी घेतलेली लसही न घेण्यापेक्षा खात्रीने बरी. इतर औषधे सहसा थांबवावी लागत नाहीत. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड तर स्वतःच्या मनाने एकाएकी कधीही बंद करू नये, कारण दीर्घकाळ स्टेरॉइड घेतलेल्या शरीराला ते अचानक थांबवल्यास गंभीर त्रास होऊ शकतो. मेथोट्रेक्सेट थांबवायची कल्पना बाईंना पटली, पण ‘दोन आठवड्यांत पुन्हा सुजले तर’ ही भीती राहिलीच. मी त्यांना तो प्रश्न डॉक्टरांपुढे तसाच मांडायला सांगितला. वर्षभर आजार शांत असल्याने डॉक्टरांनी दोन रविवारच्या गोळ्या वगळायला संमती दिली आणि त्या काळात सूज आली तर काय करायचे तेही ठरवून दिले.

घरच्यांचा अडसर निराळा होता. २०२५ च्या सुरुवातीला पुण्यात गियाँ-बारे सिंड्रोमचे (जीबीएस, म्हणजे प्रतिकारशक्ती नसांवर उलटून हातपाय लुळे पडण्याचा आजार) रुग्ण वाढले होते आणि ‘इंजेक्शनाने जीबीएस होतो’ असे यजमानांनी कुठेतरी वाचले होते. त्या उद्रेकात अनेक रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला होता आणि संशय दूषित पाण्यावर होता. फ्लूच्या लशीशी त्याचा संबंध नव्हता. अमेरिकेत १९७६ साली दिलेल्या एका लशीनंतर दर एक लाखामागे जीबीएसचा सुमारे एक जादा रुग्ण आढळला होता, ही गोष्ट खरी आहे. आजच्या फ्लूच्या लशींबाबत हा धोका असलाच तर दर दहा लाखांमागे एक-दोन इतका आहे, आणि खुद्द फ्लू झाल्यानेही जीबीएस होऊ शकतो. पूर्वी फ्लूच्या लशीनंतर ज्यांना जीबीएस झाला असेल किंवा लशीची तीव्र अॅलर्जी आली असेल, त्यांनी मात्र ते आधी सांगितलेच पाहिजे. यजमानांनी हे शांतपणे ऐकून घेतले आणि मग स्वतःच्या मधुमेहाचे काय, असे विचारले. त्यांनाही लस घेण्याचा सल्ला मिळाला. एकाच छपराखाली राहणाऱ्यांनी लस घेतली की रुग्णाभोवतीचा धोका आणखी कमी होतो, म्हणून मी कुटुंबाला शक्यतो एकत्र बोलावते.

लस कोणती, हे केंद्रावर स्पष्ट बोलावे. नाकात फवारायच्या लशीत दुबळे केलेले जिवंत विषाणू असतात आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणाऱ्यांनी ती टाळायची असते. दंडात टोचायची निष्क्रिय लसच हवी. संरक्षण तयार व्हायला सुमारे दोन आठवडे लागतात आणि आपल्याकडे पावसाळ्यात फ्लू वाढतो, त्यामुळे मे अखेर किंवा जूनचा आरंभ सोयीचा. तो हुकला तरी लस घ्यावी, कारण हिवाळ्याच्या शेवटी पुन्हा एक लाट येते. खासगी दवाखान्यात ही लस स्वस्त नाही, आणि शिक्षिकेच्या घरीसुद्धा दोघांच्या लशींचा खर्च विचार करूनच केला जातो, हे मी नाकारत नाही. तरी औषधांच्या वार्षिक खर्चात ती रक्कम आधीच धरून ठेवावी असे माझे मत आहे.

बाईंनी जूनच्या पहिल्या आठवड्यात लस घेतली. दुसऱ्या दिवशी दंड दुखला, रात्री कणकण आली आणि ती पॅरासिटामॉलने उतरली. वगळलेल्या दुसऱ्या गोळीच्या सुमारास सकाळचा ताठरपणा थोडा वाढला, पण सूज आली नाही, आणि मेथोट्रेक्सेट पुन्हा सुरू झाल्यावर तोही पूर्ववत झाला. पुढच्या भेटीत त्यांनी विचारले की दरवर्षी घ्यावी लागेल का. लागेल, कारण विषाणू बदलत राहतो, जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा लशीतल्या घटकांची शिफारस नव्याने करते आणि लशीचे संरक्षणही महिने उलटतील तसे ओसरत जाते. पुढच्या वर्षीची नोंद त्यांनी मे महिन्यातच करून ठेवली आहे, आणि न्यूमोनियाविरुद्धच्या न्यूमोकॉकल लशीबद्दल डॉक्टरांना विचारायचे त्यांनी त्याच पानावर लिहून ठेवले आहे.