सेंद्रिय खत, ह्युमिक ॲसिड (कुजलेल्या सेंद्रिय पदार्थांतलं आम्ल) घातल्याने किरणोत्सारी मूलद्रव्यं पिकात जायची थांबतात का?

सरसकट 'हो' सांगणाऱ्याचं ऐकू नका. मूलद्रव्य कोणतं त्यावर सगळं अवलंबून आहे, आणि सिझियमचं तर बरेचदा उलटंच होतं.

मी मृदाशास्त्राची. शिकायला वेल्समध्ये होते तेव्हा उत्तरेकडच्या डोंगरांत एका मेंढपाळाच्या कुरणातून मातीचे नमुने आणायचे. १९८६ मध्ये चेर्नोबिलचं सिझियम तिथे पावसाबरोबर पडलं. जूनमध्ये मेंढ्यांच्या विक्रीवर बंदी आली, थोड्याच आठवड्यांत उठेल असं सांगून. शेवटचे निर्बंध उठले २०१२ साली! मेंढी धरायची, अंगाला किरणोत्सार मोजायचा मीटर लावायचा, किलोला १००० बेकरेलच्या (किरणोत्साराचं एकक) वर गेली की रंगाची खूण. त्या काकांनी मला विचारलं होतं, "दरीतल्यांच्या मेंढ्या सुटल्या, माझ्या का नाही?"

दरीत चिकणमाती होती, म्हणून. तिच्यातलं इलाइट खनिज सिझियम आपल्या थरांच्या कडांत पकडून ठेवतं. वर डोंगरावर पीट, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा काळा थर. त्यात चिकणमाती जवळपास नाही, पालाशही (पोटॅशियम) कमी. सेंद्रिय पदार्थ सिझियमला सैलच धरतात, मुळं ते पालाशसारखं उचलतात, पानं गळून कुजली की पुन्हा तेच चक्र. चिकणमातीचा हिशेब पीटला लावला, म्हणून अंदाज इतका चुकला.

परत आल्यावर एका कार्यशाळेत मी हे मांडलं. एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी मधेच थांबवून सांगितलं, "परदेशातलं इथे नको. सेंद्रिय कर्ब वाढवा, विष आपोआप बांधलं जातं." सभागृहात टाळ्या पडल्या. मला बोलणं पूर्ण करू दिलं नाही, ते आजही खुपतं.

सर, 'बांधलं जातं' एवढ्याने काय कळतं? युरेनियम, प्लुटोनियम ह्युमिक पदार्थांना घट्ट चिकटतात हे खरं. पण ह्युमिकचे बारीक कण पाण्यात तरंगत असले तर चिकटलेलं मूलद्रव्यही त्यांच्याबरोबर वाहतं. सायट्रिक ॲसिड मातीतलं युरेनियम सोडवतं. ते घातल्यावर मोहरीच्या रोपांत युरेनियम कितीतरी जास्त चढतं, आणि दूषित जमीन साफ करायला हीच युक्ती वापरून पाहिली आहे. अमेरिकेत ओक रिजच्या अणुसंशोधन केंद्रात पुरलेल्या कचऱ्यातलं किरणोत्सारी कोबाल्ट-६० भूजलात सरकलं ते धातूंना धरून ठेवणाऱ्या ईडीटीए या रसायनामुळे. तेही सेंद्रिय संयुगच!

शेणखत बंद करा असं मात्र मी म्हणत नाही. आपल्या काळ्या जमिनीत चिकणमाती भरपूर, चार गाड्या शेणखताने तिचं पीट होत नाही. जमीन खरोखर सिझियमने दूषित असेल तर आधी पालाश तपासा. २०११ नंतर फुकुशिमाच्या भातखाचरांत पालाशयुक्त खतांनीच तांदळातलं सिझियम खाली आणलं. ह्युमिक ॲसिडची बाटली विकणारा 'किरणोत्सारही शोषून घेतं' म्हणाला तर त्याला विचारा, कोणत्या मूलद्रव्याचा आणि कोणत्या मातीत? तेव्हा त्या सभागृहात मला एवढंच विचारायचं होतं.