शिलाईवाल्यांची प्रश्नोत्तरे : तिरुपूरशी भावात भांडू नका

म्हापशात माझी सहा मशिनं आहेत. शुक्रवारच्या बाजारात तिरुपूरचा टी-शर्ट ज्या भावाला मिळतो, त्यात मला कापडही येत नाही. टिकायचं कसं?

ताई, टी-शर्टचा नाद सोडा. तमिळनाडूतल्या तिरुपुरात विणाई, रंगाई, छपाई, शिलाई सगळं एकाच गावात होतं. तिथल्या भावाला टक्कर देऊन गोव्यात कुणी तग धरलेला मी तरी पाहिला नाही. पण तिथे फोन करून 'चाळीस कुर्ते, सात मापं, परवा हवेत' असं सांगून बघा! शिगम्यात ढोल-ताशांनी मिरवणूक काढणारी रोमटामेळ पथकं, भजनी मंडळं, चवथीआधी एकाच रंगाचे कुर्ते मागणारी घरं, ही तुमची गिऱ्हाइकं. मापं वहीत नावानिशी टिपून ठेवा. दुसऱ्या वर्षी त्यांना तुमच्याकडे यायचीही गरज नाही, फोन पुरतो.

फोंड्यात शाळेचे गणवेश शिवतो. कारागिरांना पीसवर मजुरी देतो, तरी हातात काही उरत नाही.

मजुरीत कात्री लावू नका, चांगला कारागीर गेला की परत मिळत नाही. गळती बहुधा कटिंगच्या टेबलावर असते. शर्टाच्या खर्चात निम्म्याहून जास्त वाटा कापडाचा. एकेका मापाचं वेगळं कटिंग करत असाल तर थांबवा. मोठ्या मापाच्या पाठीशेजारी उरलेल्या जागेत लहान मापाची कॉलर, खिसा, बाही बसते. आधी कागदावर मांडून बघा. शर्टामागे 10 सेंटिमीटर वाचले तर शंभर शर्टांमागे 10 मीटर, म्हणजे मुलांचे सात-आठ शर्ट.

दुसरं, कापड आटतं. ताका उघडला की 50 सेंटिमीटरचा चौकोन आखून तुकडा धुवा, वाळवा, पुन्हा मोजा. 48 भरला तर 4 टक्के गेलं, म्हणजे 70 सेंटिमीटर उंचीचा शर्ट जवळपास 3 सेंटिमीटरनं तोकडा. एका जूनमध्ये घाईत मी हे टाळलं. पहिल्या धुण्यानंतर पालक दारात उभे! साठ शर्ट पदरमोड करून पुन्हा शिवले.

हॉटेलला गणवेश दिले. तीन महिने झाले, बिल अडकलंय.

उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, माल देण्याआधीची आहे ना? मग 2006 च्या लघुउद्योग कायद्यानं लेखी करार असला तरी 45 दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात, करार नसेल तर 15. उशीर झाला की रिझर्व्ह बँकेच्या 'बँक दरा'च्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज. शिवाय 1 एप्रिल 2024 पासून, मुदतीत न दिलेली रक्कम त्यांना आयकरासाठी प्रत्यक्ष पैसे देतील त्याच वर्षीच्या खर्चात दाखवता येते, त्याआधी नाही. मालक कानाडोळा करतो, पण ही गोष्ट त्याच्या अकाउंटंटला झोंबते. बिलावर उद्यम क्रमांक ठळक छापा. हे तुम्ही स्वतः शिवलेल्या मालाला; तयार आणून विकलेल्याला नाही.

यंत्रमागाची लाल चौकडी 'कुणबी' म्हणून पर्यटकांना विकली तर चालेल?

कुणबी म्हणजे गोव्यातल्या कुणबी समाजाची हातमागावर विणलेली लाल चौकडीची साडी. यंत्रमागाची चौकडी हातमागाची म्हणून विकलीत तर ती फसवणूक. गोव्याचे फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी या साडीला नव्यानं मान मिळवून दिला. तो मान वापरायचा तर माल खरा हवा. साडी विणकरांकडेच राहू दे. तुम्ही हातमागाचं थोडं कापड घ्या, साध्या सुती शर्टाला त्याचा खिसा आणि कॉलरची आतली पट्टी लावा आणि टॅगवर तसंच लिहा. खिशाची चौकडी मात्र सरळ बसवा. अर्धा दोरा तिरपी गेली तरी शर्ट हातात घेणारा आधी तेच बघतो.