मुलाला एजन्सी घेऊ द्या, पण मार्चचा धंदा शिकवू नका

यावल तालुक्यातल्या एका वाचकाचं पत्र, थोडक्यात: “मी 24 वर्षं आयुर्विमा विकला. घर बांधलं, दोन्ही पोरं शिकवली ती याच पैशावर. पण विकलेल्यातल्या जवळपास निम्म्या पॉलिसी बंद पडल्या. माझं बरंचसं काम फेब्रुवारी-मार्चात व्हायचं. कोटा भरायला कधी पहिला हप्ता खिशातून भरला, कधी कुणाची शुगर फॉर्मवर लिहिली नाही. आता गावच्या लग्नात काही लोक मला पाहून पंगत बदलतात. धाकटा बी.कॉम. झाला, त्यालाही एजन्सी घ्यायची आहे. थांबवू की हो म्हणू?”

भाऊ, नमस्कार.

हो म्हणा. मात्र तुमच्या निम्म्या पॉलिसी का बंद पडल्या, हे त्याला आधी नीट कळू द्या. ते तुमच्या पत्रातल्या एका साध्या वाक्यात दडलंय: काम फेब्रुवारी-मार्चात व्हायचं.

मार्चात दिलेल्या पॉलिसीचा वार्षिक हप्ता दर मार्चलाच येतो. पहिल्या वर्षी शेतकऱ्याच्या हातात कापसाचे चार पैसे होते, समोर तुम्ही होता, सही झाली. दुसऱ्या मार्चला तोच माणूस 31 तारखेच्या आत विकास सोसायटीचं पीककर्ज भरायला धडपडतो. पुढे आखाजी (अक्षय्य तृतीया), मग लग्नसराई. वार्षिक हप्ता भरायला 30 दिवसांची वाढीव मुदत असते, ती कधी सरली हे त्याला कळतही नाही. कापूसवाल्याची तारीख डिसेंबर-जानेवारीत पडली असती तर यातल्या कित्येक पॉलिसी तगल्या असत्या. केळीवाल्याचं गणित आणखी अवघड. मृगबाग की कांदेबाग (लागवड पावसाळ्याच्या तोंडी की पावसाळ्यानंतर), कापणी कधी, त्या दिवशी भाव काय, आणि मे-जूनच्या वादळात बाग उभी राहिली का? त्याच्या गळ्यात मोठा हप्ता घालणं म्हणजे दुसऱ्या वर्षीच पॉलिसी बंद पाडण्याची तयारी. भुसावळच्या रेल्वेवाल्याची गोष्ट वेगळी. त्याचा पगार दर महिन्याला येतो, हप्ता पगारातूनच कापला गेला की विषय संपला.

पोरगा कॉमर्सचा आहे, त्याला कमिशनचा हिशोबही मांडून दाखवा. 2023 पासून कमिशनचं धोरण कंपन्यांचं संचालक मंडळ ठरवतं, त्यामुळे आकडे बदलतात. पण बरीच वर्षं चाललेली रीत धरली, तर पारंपरिक पॉलिसीच्या 20,000 रुपयांच्या हप्त्यावर पहिल्या वर्षी 25 टक्क्यांनी 5,000, पुढची दोन वर्षं साडेसात टक्क्यांनी 1,500, मग 5 टक्क्यांनी 1,000. पहिलं वर्ष डोळ्यांत भरतं, म्हणून सगळे त्याच्याच मागे धावतात. तुमचं घर बांधलं गेलं ते मात्र न बंद पडलेल्या पॉलिसींच्या पुढच्या वर्षांच्या कमिशनवर. जुन्या पावत्या काढून बघा, पटेल.

पहिला हप्ता खिशातून भरणं हा तर सरळ कायद्याचा भंग. विमा कायदा 1938, कलम 41: ग्राहकाला कमिशनमधून सूट देता येत नाही, दंड 10 लाखांपर्यंत. आणि ज्याचा पहिला हप्ता फुकट गेला, तो दुसरा भरायला का येईल?

शुगर लपवण्याचा मुद्दा मला सगळ्यांत गंभीर वाटतो. कलम 45 प्रमाणे पॉलिसीला तीन वर्षं झाली की कंपनीला तिच्यावर प्रश्न उभा करता येत नाही. त्याआधी मृत्यू झाला तर चौकशी होते, दवाखान्याचे कागद निघतात आणि दावा नाकारला जाऊ शकतो. विधवा बाईला ‘फॉर्म एजंटनं भरला होता’ एवढंच सांगता येतं. यातली एक खाच पुष्कळ जुन्या एजंटांच्याही लक्षात नसते: बंद पडलेली पॉलिसी पुन्हा चालू केली की ही तीन वर्षं नव्यानं मोजली जातात. म्हणून चालू करतानाही शुगर, बीपी, तंबाखू, जे आहे ते लिहायचं. हप्ता वाढला तर वाढू दे.

आता मुलाचं. दहावी पास आणि 18 पूर्ण एवढी अट आहे, मग प्रशिक्षण आणि आयसी-38 ही परीक्षा. आयुर्विम्याची एकाच कंपनीची एजन्सी घेता येते. परीक्षेच्या आधी महिनाभर त्याला तुमची वही घेऊन गावोगाव फिरू द्या. पिशवीत नवा फॉर्म एकही नको. कुणाचा नॉमिनी वारलाय, कुणाचं बँक खातं बदललंय, कुणाची पॉलिसी बंद पडून अजून पाच वर्षं झालेली नाहीत, एवढंच टिपायचं. युलिप (शेअर बाजाराशी जोडलेल्या पॉलिसी) सोडून बाकीच्या पॉलिसी साधारण पाच वर्षांच्या आत चालू करता येतात. लोक टोमणे मारतील, ते त्यानं ऐकून घ्यावेत. महिन्यानंतरही त्याला हे काम हवंसं वाटलं तर समजा जमेल.

विकायला लागला की आधी टर्म विमा, म्हणजे ठरलेल्या मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा विमा. ‘मेल्याशिवाय पैसे मिळत नाहीत’ हे वाक्य त्याला घरोघर ऐकावं लागेल, आपल्याकडे टर्म त्यामुळेच अडतो. पण बागेवर सहा लाखांचं कर्ज आणि पॉलिसी दोन लाखांची, हा मेळ बसत नाही. ज्याला तोही हप्ता झेपत नाही आणि वय 18 ते 50 आहे, त्याला बँकेतून सरकारी योजनेतला जीवन ज्योती विमा घ्यायला सांगावं: वर्षाला 436 रुपये, संरक्षण दोन लाखांचं. मुलाच्या पदरात त्यातून काही पडणार नाही, तरी सांगावं.

पहिली दोन वर्षं फक्त यावर घर चालवायचा हट्ट नको. भुसावळ किंवा फैजपूरला एखाद्या कर सल्लागाराकडे अर्धवेळ काम बघा. पदवी झालेली आहे, तर 21 ते 30 या वयात एलआयसीच्या विकास अधिकारी भरतीलाही बसता येतं. 2023 च्या भरतीत एजंटांसाठी वेगळा वर्ग होता, त्यामुळे एजन्सीतला अनुभव तिथे वाया जात नाही. पुढची जाहिरात निघाली की त्या वर्गाच्या अटी आधी वाचा, आणि एजन्सी तो स्वतःच्याच नावावर घेईल एवढं बघा.