फुफ्फुसातला म्युकरमायकोसिस (काळ्या बुरशीचा संसर्ग) नुसत्या गोळ्यांनी बरा होतो का?
सहसा नाही, सुरुवात शिरेतून दिल्या जाणाऱ्या लायपोसोमल अ‍ॅम्फोटेरिसिन बी या इंजेक्शननेच करतात, पोसाकोनाझोल किंवा आयसावुकोनाझोलच्या गोळ्या बहुधा आजार आटोक्यात आल्यावर. २०१९ च्या जागतिक मार्गदर्शक सूचनांत या इंजेक्शनचा रोजचा डोस वजनाच्या दर किलोमागे ५ ते १० मिलिग्रॅम आहे. ही बुरशी रक्तवाहिन्यांत शिरून रक्तपुरवठाच तोडते, मग मेलेल्या भागात औषध पोहोचत नाही. म्हणून संसर्ग एकाच भागात असेल आणि रुग्णाला झेपणार असेल, तर तो भाग शस्त्रक्रियेने काढतात. मधुमेह असल्यास साखर काबूत आणणं तितकंच महत्त्वाचं. अ‍ॅस्परजिलस या दुसऱ्या बुरशीवर चालणारं व्होरिकोनाझोल हे औषध इथे निरुपयोगी आहे, त्यामुळे बुरशी नेमकी कोणती हे कळण्यासाठी बायॉप्सी (ऊतीचा तुकडा काढून तपासणी) टाळू नका. पण रिपोर्टसाठी उपचारही थांबवू नयेत. मात्र अ‍ॅम्फोटेरिसिनने मूत्रपिंडाला इजा होऊ शकते, पोटॅशियम घसरतं. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्तचाचणी) वारंवार तपासावं लागतं.